अंगठ्याचं काम

मासेमारीच्या बेटकास्टिंग रिळाचा गुंता डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळतो. गळ हवेत असेपर्यंत स्पूल एका सुरात शीळ घालत असतं. त्या सुरात जरा फरफर आली की समजायचं, आतला तंगूस सैल पडून वर उठायला लागला. पुढच्या क्षणी वेढ्यात वेढा अडकतो, स्पूल जागच्या जागी आवळतं आणि तंगूसाच्या टोकाचा गोळा हवेतच झटका खाऊन धपकन खाली येतो. कधी तंगूसच तुटतो आणि गोळा शेजाऱ्याच्या कौलांवर जातो. मुंबई-पुण्याची हौशी मंडळी याला बॅकलॅश म्हणतात. आमच्या वाडीतली पोरं बांधावरून ओरडतात, “काका, झाला खोपा!”

माझा धंदा मोटारी भरण्याचा. महाडला दुकान आहे. जळालेली कॉइल तोडून काढायची, स्लॉट खरवडायचे, नवी तार भरायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं. औद्योगिक वसाहतीतल्या मोटारी येतात, शेतकऱ्यांचे पंप येतात, लग्नसराईच्या आधी मिक्सर येतात. घर मात्र हिरकणीवाडीत, रायगडाच्या पायथ्याला. रोज पाचाडवरून महाड, संध्याकाळी परत. घरी बायको गडावर येणाऱ्यांना जेवण करून घालते आणि दोन खोल्या राहायला देते. हे सांगायचं कारण, मासेमारी हा माझा पिढीजात व्यवसाय नाही. आमच्याकडे मासे धरायचे ते पावसाच्या तोंडाला, नदी-ओढ्यातून वर चढणारे चढणीचे मासे. बाकी वर्षभर ज्याला येतो त्यानं पाग टाकावा, पोरांनी काठीला गरी बांधून बसावं, एवढंच.

तरीही पहिल्यांदा हे रीळ उघडलं तेव्हा त्याचा रोग माझ्या ओळखीचा निघाला. तांब्याच्या तारेचं रीळ चांगलं जड असतं. मशीनवर कॉइल गुंडाळताना तार ओढली जाते तसं ते स्टँडवर फिरतं. आपण मशीन थांबवलं तरी ते आपल्या वजनानं दोन-चार फेरे घेतंच. तार पुढं जायला जागा नसते, मग ती रिळावरच सैल होते आणि कडी पडते. म्हणून रिळाला नमद्याचा तुकडा स्प्रिंगनं दाबून ठेवतात. दुकानात नवं पोरगं आलं की पहिला धडा हाच. मासेमारीच्या रिळातसुद्धा नेमकं हेच होतं. गोळा तंगूस ओढतो, तंगूस स्पूल फिरवतो. हवेच्या विरोधानं गोळा मंदावतो, स्पूलला ते कळत नाही. ते मघाच्याच वेगानं तंगूस सोडत राहतं, आणि घेणारा कुणी नसतो.

रीळ आणलं म्हाप्रळच्या एका चाचांनी. उमेदीची वर्षं कुवेतला काढून गावी परतलेले. आमच्या पट्ट्यात महाड, म्हसळा, मंडणगड इथल्या मुसलमान मोहल्ल्यांत घरटी एक माणूस आखातात असायचा, अजून असतो. तिकडून येताना कुणी सोनं आणलं, कुणी टेपरेकॉर्डर. चाचांनी आणले रॉड आणि रिळं. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांची विहिरीवरची मोटार माझ्याकडे आली, आणि मोटारीसोबत पिशवीतून मिठानं धरलेलं एक रीळ. “मिस्त्री, यातपण बेरिंगच आहे. बघ सुटतंय का.” आत मुगाच्या डाळीएवढ्या गोळ्यांची दोन बेरिंगं, पितळी दातऱ्या, अॅल्युमिनियमचं स्पूल. तंगूस स्पूलवर एकसारखा बसावा म्हणून समोर एक स्क्रू, उलटसुलट आटे पाडलेला, त्यावरून एक कडी इकडून तिकडे सरकते. आमच्या वाइंडिंग मशीनला तार सरकवायला जी व्यवस्था असते ती इथं बोटभर लांबीत बसवलेली. मी खूश झालो. पेट्रोलनं धुऊन, शिवणयंत्राचं तेल थेंबभर घालून परत दिलं आणि मजुरी घेतली नाही. चाचांनी त्यांच्याकडचं एक जुनं रीळ आणि सहा फुटी रॉड माझ्या टेबलावर ठेवला.

आमच्या आबांनी ते घरी हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. आबा मुंबईला गिरणीत होते, रिंग खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो संपलाच नाही, आणि लालबागची खोली सोडून ते गावी आले ते कायमचे. सुताचं काही दिसलं की त्यांचे डोळे अजून चमकत. चाचांच्याच पिशवीत एक दुसऱ्या जातीचं, स्पिनिंगचं रीळही होतं. ते बघून आबा म्हणाले, “हे सोपं. यात बाबीन उभी राहते आणि सूत डोक्यावरून सुटतं. वाइंडिंग खात्यात असंच. बाबीन फिरतच नाही, तर जास्त फिरंल कुठून?” मग माझं रीळ वर धरून म्हणाले, “आणि ह्यात बाबीनच फिरतीये. ह्याला पकडायला माणूस लागंल.”

पुढे मी वाचलं तेव्हा समजलं की आबांचा अंदाज इतिहासालाही धरून होता. उभ्या स्पूलचं रीळ १९०५ साली अल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी काढलं. ते इंग्लंडात ब्रॅडफर्डला कापडधंद्यात होते, आणि ही कल्पना गिरणीतल्या चात्यावरून सुचली असं सांगतात. फिरत्या स्पूलचं, दातऱ्यांचं रीळ त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीचं. अमेरिकेत केंटकीमधल्या पॅरिस नावाच्या गावात जॉर्ज स्नायडर नावाचे घड्याळजी होते, त्यांचं नाव त्यासाठी घेतात. स्वीडनची आबू ही रिळांची मोठी कंपनीसुद्धा १९२१ साली सुरू झाली ती घड्याळांचा कारखाना म्हणून. म्हणजे एक रीळ गिरणीतून आलं, दुसरं घड्याळजीच्या टेबलावरून. घड्याळजीच्या रिळाला सुरुवातीला ब्रेक नव्हताच. अंगठा होता.

चाचांनी एकच गोष्ट पक्की बजावली. “पाण्यावर शिकू नकोस. पाण्यावर गेलास की तुझं लक्ष माशात. शेतात शीक.” म्हणून भात कापून झाल्यावर आमचं खाचर मोकळं होतं तिथं मी उभा राहू लागलो. वर हिरकणी बुरूज, बाजूला रोपवेचे पाळणे वर-खाली. पाहुणे मंडळी पाळण्यातून खाली बघत असणार, की हा मनुष्य कोरड्या शेतात काय धरतोय.

गोळा म्हणून बारा एमएमचा नट घेतला. त्याभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, म्हणजे दगडावर आपटून आवाज नको आणि कुणाला लागला तर फोड नको. तांब्याच्या भंगाराचा काटा दुकानात असतोच, त्यावर वजन केलं. वीस ग्रॅमच्या आसपास. शिकताना एवढं वजन हवं. हलक्या गळाला स्पूल फिरवायची ताकद नसते आणि हवा त्याला लगेच अडवते, त्यामुळे पाच-सात ग्रॅमवर हात बसवायला जाणं म्हणजे पोहायला न येता पुरात उतरणं. तंगूसही साधा, एकपदरी, अंगानं जाड. स्पूल काठोकाठ भरायचं नाही. निम्मं भरलं तर सुरुवातीला उलट बरं. फिरणारं वजन कमी होतं, आणि खोपा झालाच तर छोटा होतो.

आता ब्रेक. या रिळाला ते दोन असतात. हँडलच्या बाजूला एक टोपी असते, ती आवळली की स्पूलच्या दांड्यावर दोन्हीकडून दाब येतो. हा आमचा नमदाच. रॉड आडवा धरायचा, बटण दाबून गोळा सोडायचा. तो सावकाश खाली उतरला पाहिजे, आणि जमिनीला टेकल्यावर स्पूल थांबलं पाहिजे. टेकल्यावरही फिरलं तर टोपी जरा आवळायची. गळ बदलला, वजन बदललं, की हे सगळं पुन्हा. आळस केला की लगेच पावती मिळते.

दुसरा ब्रेक पलीकडच्या बाजूला. काही रिळांत स्पूलबरोबर फिरणारे बारीक गुटके असतात. वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि कडेच्या रिंगला घासतात. वेग दुप्पट झाला तर त्यांचा रेटा चौपट होतो, म्हणून ते सुरुवातीच्या भन्नाट वेगाला आवर घालतात आणि पुढे आपोआप ढिले पडतात. माझ्या रिळात गुटके नव्हते, लोहचुंबक होतं. ते उघडून बघताना मला दुकानातला जुना वीजमीटर आठवला, अॅल्युमिनियमच्या गोल चकतीचा. अॅल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही. पण चुंबकाच्या तोंडातून ती चकती फिरायला लागली की तिच्यात वीज भोवऱ्यासारखी फिरते आणि तीच चकतीला मागे ओढते. मीटरमध्ये ती चकती भरकटू नये म्हणून तो चुंबक बसवलेला असे. रिळात स्पूल अॅल्युमिनियमचं आणि शेजारी चुंबकांची रांग. बाहेरचं चाक फिरवलं की चुंबक स्पूलच्या जवळ किंवा लांब जातात. कुठे घासत नाही, कुठे झिजत नाही. ज्यानं हे बसवलं त्याच्या हातचा चहा प्यायला आवडला असता.

मग प्रश्न पडतो की ब्रेक इतके चांगले असताना अंगठा कशाला. एकदा मी दुकानातल्या कागदावर हिशेब केला. गोळा सेकंदाला २० मीटर वेगानं सुटला आणि स्पूलवर भरलेल्या तंगूसाचा व्यास ३४ मिलिमीटर असला, तर स्पूलला मिनिटाला अकरा हजारांवर फेरे घ्यावे लागतात. मी ज्या मोटारी भरतो त्यातली दोन पोलची, पळणारी म्हणवणारी मोटार २८८० फेरे घेते. म्हणजे मनगटाच्या एका झटक्यात शून्यावरून अकरा हजार, आणि दोन-तीन सेकंदांनी पुन्हा शून्य. शेवटचं शून्य तर गोळा पाण्याला टेकण्याच्या क्षणीच यायला हवं. ब्रेकला पाणी दिसत नाही. समोरून आलेली झुळूक त्याला कळत नाही. तारेच्या रिळावरचा नमदा सगळा वेळ सारखा दाबलेला चालतो, कारण तिथं तार ओढणारी मोटार आहे, तिला दमायचं कारण नाही. इथं ओढणारा गोळा, त्याच्याकडे सुटतानाची ताकद तेवढीच. सगळा वेळ ब्रेक लावून ठेवला तर ती ताकद ब्रेकमध्येच जाते आणि गोळा बांधापलीकडेही जात नाही. ब्रेक किती लावायचा हे चाकावर लिहिलेलं असतं. कधी लावायचा ते अंगठ्यानं ठरवायचं.

अंगठ्याला तीन कामं. रॉड मागे नेताना स्पूल घट्ट दाबून ठेवायचं. रॉड पुढे येऊन नजरेच्या रेषेच्या जरा वर असताना सोडायचं. लवकर सुटला तर गोळा आकाशात, उशिरा सुटला तर पायापुढे मातीत. आणि सोडल्यावर अंगठा उचलून बाजूला घ्यायचा नाही. स्पूलच्या वर, लागेल-न लागेल असा ठेवायचा. तंगूस सैल होऊन वर उठला की त्याचे वेढे अंगठ्याला कातडीवर मुंग्या आल्यासारखे जाणवतात. तेव्हा नुसता स्पर्श. शेवटी गोळा टेकायच्या किंचित आधी पूर्ण दाब. ही शेवटची वेळ साधली की बाकीचं निम्मं काम माफ.

माझ्या अंगठ्याची कातडी तारेनं आधीच जाड झालेली. मला वाटलं होतं हा फायदा. तसं नव्हतं. जाड कातडीला उठणारे वेढे उशिरा कळतात. चाचा म्हणाले, “कडेला टेकव. तुझ्या अंगठ्याची नखाकडची कड अजून जिवंत आहे.” तेव्हापासून मी अंगठा सरळ न ठेवता तिरका ठेवतो. अजून तसाच ठेवतो. पुस्तकी मंडळींना ते चुकीचं वाटतं.

फेकण्यात ताकद लावली की काम बिघडतं. झटका दिला तर स्पूल एकदम उसळतं, गोळा मात्र अजून वेग घेतोय. ही तफावत पहिल्या क्षणालाच पडते, आणि तो खोपा सगळ्यात खोल असतो. रॉडला वाकायला वेळ द्यायचा, मग तोच गोळा भिरकावतो. मनगट वळवून हँडल आकाशाकडे येईल असं रीळ आडवं करायचं, म्हणजे मनगट मोकळं फिरतं. सुरुवातीला डोक्यावरून न फेकता कडेनं, कमरेच्या उंचीवरून फेकायचं. इथं पाग टाकणारे लोक माझ्या पुढं होते. पाग उघडायला कंबर वळावी लागते आणि हात शेवटी सुटावा लागतो. आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्यानं, ज्यानं जन्मात रॉड धरला नव्हता, माझ्या हातातून घेऊन असा काही गोळा फेकला की पोरं टाळ्या वाजवायला लागली. मग शेवटी अंगठा दाबायचा असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून खोपाही तसाच दणदणीत झाला.

वाडीत वाऱ्याचा त्रास आहे. सकाळी हवा पडलेली असते, ऊन चढलं की डोंगराच्या कुशीत वारा कसाही फिरतो. पाळणे डुलायला लागले की मी ब्रेकचं चाक दोन खुणा वर घेतो. वारा समोरून असेल तर खालून, सपाट फेकतो. पाठीमागून असेल तर पोरंही कास्ट करतात. जूनमध्ये राज्याभिषेकाच्या दिवसांत हे सगळं बंद. तेव्हा खाचरात गाड्या उभ्या असतात.

खोपा सोडवण्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, आणि खरी अक्कल तिथंच आहे. गुंता झाला की नवशिका पहिल्यांदा तंगूस ओढतो. ओढला की फास आवळतो. मग कात्री. चाचांनी शिकवलं ते असं: ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना तंगूस सुटू देणारी पकड, घट्ट करायचा, अंगठा गुंत्यावर जोरानं दाबायचा आणि तसाच दाबून हँडल दोन-तीन फेरे फिरवायचं. वर आलेले आडवे वेढे त्यानं खाली सपाट बसतात. मग बटण दाबून तंगूस हलक्या हातानं ओढत जायचं. बहुतेक गुंते एवढ्यावर सुटतात. ज्या जागी अडलं तिथं बघायचं, की खालून निघालेल्या पदरावर आडवा वेढा कुठला बसलाय. नेहमी एकच असतो. तो बोथट सुईनं उचलायचा, खालचा पदर त्यातून ओढून काढायचा, पुन्हा अंगठा, पुन्हा हँडल. मला हे काम आवडतं हे सांगायला थोडं ओशाळं वाटतं. पण जळालेली कॉइल उलगडून कुठला वेढा कुठल्या स्लॉटमध्ये गेलाय हे काढत बसणाऱ्या माणसाला ते आवडणारच.

एक गोष्ट मात्र दुकानातून थेट उपयोगी पडली. तारेला कडी पडली, ती सरळ केली, तरी ती तार मी मोटारीत भरत नाही. वरचं एनॅमल तिथं तडकलेलं असतं आणि मोटार तिथंच शॉर्ट होते. तंगूसाचंही तसंच. गुंत्यात जिथं घडी पडली तिथं पांढरट खूण दिसते. बोटांच्या चिमटीतून तंगूस ओढला की ती नखाला लागते. तिथपर्यंतचा तुकडा कापून टाकायचा. दोन रुपयांचा तंगूस वाचवायला जाऊन मासा आणि गळ दोन्ही घालवणारे मी खाडीवर पुष्कळ पाहिलेत.

खाडी म्हणजे सावित्रीची, जिला पुढे बाणकोटची खाडी म्हणतात. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर, महाड करत येते आणि महाडपाशी तिला भरतीचं पाणी भेटतं. जुन्या काळी गलबतं महाडच्या बंदरापर्यंत यायची ती याच भरतीवर. चाचा मला न्यायचे आंबेत-म्हाप्रळच्या बाजूला, जिथं काठाला तिवरं आहेत. इथं समजलं की स्पिनिंगचं सोपं रीळ असताना लोक या त्रासात का पडतात.

तिवराच्या मुळांत तांबोशी बसते. मुळांवर कालवं असतात, सुरीसारखी धार. सुकती लागली की लहान फाट्यांतलं पाणी बारीक माशांना घेऊन खाली यायला लागतं आणि तांबोशी मुळाच्या सावलीत तोंड बाहेरच्या बाजूला करून उभी राहते. गळ तिच्यापासून दोन हात लांब पडला तर ती ढुंकून बघत नाही. वीतभर अलीकडे पडला तर घेते, आणि घेतल्याबरोबर मुळांत वळते. तिला वळू द्यायचं नाही. स्पिनिंगच्या रिळाला तंगूस सुटत असताना नेमक्या जागी अडवणं कठीण, आणि वर तारेची कमान पाडेपर्यंत ती मुळात गेलेली असते. या रिळात अंगठा आधीच स्पूलवर आहे. गोळा मुळाच्या तोंडाशी आला की दाबायचं, तो जागच्या जागी पाण्यात उतरतो. हँडल फिरवायला घेतलं की क्लच आपोआप लागतो. मासा लागला की ताकद सरळ दातऱ्यांवर येते. वरून फांद्या वाकलेल्या असतात म्हणून कडेनं, पाण्याच्या लगत फेकावं लागतं. खाचरातला तो कमरेखालचा हात इथं कामाला आला.

इथं आम्ही विणलेला दोरा वापरतो, टोकाला जाड तंगूसाचा तुकडा बांधून, कालवांसाठी. विणलेला दोरा बारीक आणि जबर असतो, पण ओढ बसली की आपल्याच वेढ्यांत खाली रुततो. पुढच्या फेकीला रुतलेली जागा आली की स्पूल अडतं आणि विनाकारण खोपा होतो. म्हणून मासा काढला की एक लांब फेक मोकळ्या पाण्यात करून दोरा पुन्हा ताणून गुंडाळायचा. कंटाळा येतो, पण करायचं. आणि विणलेल्या दोऱ्याचा खोपा कात्रीशिवाय सोडवायला बसलो की माझीही चहाची वेळ टळते.

जिताडा ही वेगळी गोष्ट. तो खाऱ्यात अंडी घालतो, त्याची पिल्लं गोड्या पाण्याकडे चढतात, आणि लहानपणी नर असलेला मासा मोठा झाला की मादी होतो. चाचा मोठा जिताडा सोडून द्यायचे. “ही अम्मा आहे सगळ्यांची,” म्हणायचे. आमच्या रायगड जिल्ह्यात जिताड्याला जी किंमत मिळते ती ऐकल्यावर सोडून देणाऱ्याला वेड्यात काढतील. मी स्वतः सगळे सोडत नाही, हे नमूद करतो.

महाडच्या अलीकडे-पलीकडे मगरी आहेत. हिवाळ्यात काठाच्या चिखलावर ऊन खात पडलेल्या, पुलावरूनसुद्धा दिसतात. त्यामुळे इथं गुडघाभर पाण्यात उतरून फेकणं नाही. काठापासून मागं, मोकळ्या जागी उभं राहायचं, म्हणजे लांब आणि नेमकं फेकता आलं पाहिजे. बाहेरगावच्या पोरांना हे सांगितलं की आधी हसतात. मग एखादा ओंडका हलतो.

घरी जेवायला येणारे काहीजण विचारतात, वाळणकोंडला न्याल का. काळ नदीतला तो डोह, देवीचा. तिथले मोठाले मासे चुरमुरे टाकले की हाताशी येतात. ते महाशीर जातीचे, आमच्याकडे खडशी म्हणतात. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये शास्त्रीय नाव दिलं तेव्हा ‘खुद्री’ हा शब्द मराठी नावावरूनच उचलला. पिढ्यान्‌पिढ्या कुणी तिथं गळ टाकलेला नाही, म्हणूनच ते तिथं आहेत. इतर कोंडांत जिलेटीन आणि ब्लीचिंग पावडर झाली. मी कुणाला तिथं रॉड घेऊन नेत नाही, चुरमुरे घेऊन नेतो.

आता आमच्या खाचरात शनिवार-रविवारी गड उतरून आलेले दोन-चार जण फेकायला उभे असतात. त्यांना मी पहिल्यांदा ब्रेक सगळे चढवून देतो. गोळा दहा पावलांवर पडतो आणि खोपा होत नाही. लोक खूश. मग एकेक खूण खाली. बरेच जण तिसऱ्या-चौथ्या खुणेवर थांबतात आणि म्हणतात, ठीक आहे की, जातंय. त्यांना मी पुढं रेटत नाही, कारण त्यांना संध्याकाळी पुण्याला पोचायचं असतं. पण थांबलेल्याच्या अंगठ्याला कधी काही कळणार नाही, हेही मला दिसतं. बेरिंगमध्ये तेल घालायला रीळ आणून देणाऱ्यांना मी विचारतो, आत्ता कितव्या खुणेवर आहात. तेलानं स्पूल मोकळं पळतं, आणि हात तयार नसला तर ते तेल गुंत्यालाच पाजलं जातं.

मागच्या हिवाळ्यात पुण्याचा एक मुलगा शिमानोचं डिजिटल कंट्रोलवालं रीळ घेऊन आला. गळ बांधला, अंगठा न लावता फेकला, आणि गोळा आंब्यापलीकडे गेला. खोपा नाही. समोरून वारा, तरी नाही. रिळातून बारीक किणकिण आवाज येत होता. तो म्हणाला, “काका, यात कॉम्प्युटर आहे. स्पूलचा वेग मोजून तोच ब्रेक लावतो.” मी विचारलं, सेल कुठे घालायचा. तर सेल नाहीच. स्पूलला लोहचुंबक, बाजूला कॉइल, आणि स्पूल फिरतं त्यावरच वीज तयार होते. त्याच विजेवर कॉम्प्युटर चालतो आणि त्याच कॉइलमधून ब्रेक लागतो.

मग माझं माशांवरून लक्ष उडालं. कॉइल म्हटल्यावर किती वेढे, किती गेजची तार, वार्निश कुठलं. एवढ्याशा जागेत केसासारखी तार भरली असणार, आणि ती खाऱ्या हवेत टिकते. मी म्हटलं, बाजूचं झाकण जरा काढू का, तीनच स्क्रू आहेत. तो म्हणाला, “नको काका, वॉरंटी जाईल.” मी त्याला दुकानाचा नंबर लिहून दिला आणि सांगितलं, वॉरंटी संपली की पहिल्यांदा माझ्याकडे आण.